पाणी : शून्य

कन्हानच्या चंपतराव इखारांची पंचफुला बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती, तेव्हा तिच्या कॉलेजात रसायनाची प्रयोगशाळा होती, सोळा ब्युरेटी होत्या, दोन तराजू होते, पण डिस्टिल्ड वॉटर नव्हतं. कॉलेज गावच्या लोकांनी उभं केलेलं, अवघं वर्षभराचं. कापसाच्या जुन्या गोदामात मधे भिंती घालून वर्ग काढले होते. प्रयोगाला जे पाणी लागे, ते आवारातल्या विहिरीचं.

पहिल्या वर्षाच्या मुलांना जो प्रयोग पुन्हा पुन्हा करावा लागतो, तो तसा सोपा. ब्युरेट म्हणजे आकडे कोरलेली उभी काचेची नळी. तिच्यात आम्ल भरायचं. खाली फ्लास्कमध्ये सोड्याचं द्रावण, त्यात रंगाचा एक थेंब. मग वरची तोटी हलक्या हातानं सोडायची. पिवळा रंग पालटून नारिंगी झाला की थांबायचं आणि किती आम्ल खर्च झालं ते नळीवर वाचायचं. पण द्रावण करायला घेतलेलं पाणीच विहिरीचं असलं, तर त्यात मुळातला खार असतो. सोड्याच्या आधी तोच आम्ल खाऊन बसतो, आणि उत्तर चुकतं.

यावर शालिकराम गभणे सरांनी तोड काढली होती. हे सर जबलपूरहून एम. एस्सी. झालेले, बारीक अंगाचे, पायात कायम रबरी चपला. रसायन शिकवायला कॉलेजात ते एकटेच. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना सांगितलं, "पहिले पाण्याले विचारा, मग सोड्याले." म्हणजे रोज प्रयोगाला हात घालण्याआधी नुसतं विहिरीचं पाणी पंचवीस मिलिलिटर घ्यायचं, ते किती आम्ल खातं ते पाहायचं आणि वहीच्या माथ्यावर लिहायचं : आजचं पाणी, एवढं एवढं. मग सोड्याच्या उत्तरातून पाण्याचा वाटा काढून टाकायचा.

बाकीची मुलं कंटाळत. कालचाच आकडा आज लिहून मोकळी होत. पंचफुलेनं मात्र वर्षभरात एकही दिवस चुकवला नाही. सकाळी अंगण झाडल्याशिवाय रांगोळी घालत नाहीत, तसं तिला ते होतं. तिच्या वहीत विहिरीचं सगळं वर्ष उतरलं होतं. वैशाखात विहीर तळाला गेली तेव्हा पाणी १.६ होतं, आषाढात झरे वाढले की १.२, आणि एकदा कोणी काठावर कपडे धुतले त्या दिवशी एकदम २.१. त्या दिवशी सरांनी आवारातून फिरून कपडे धुणारीला शोधून काढलं होतं.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत प्रॅक्टिकलला तिला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले आणि जून १९६८ मध्ये कॉलेजानं तिच्या हातात टी. सी. ठेवली. एकट्या तिच्याच नव्हे, सायन्सच्या बावीसच्या बावीस मुलांच्या. दुसऱ्या वर्षाचा वर्ग काढायची परवानगी आली नव्हती, यंदा येणारही नव्हती. ज्याला पुढे शिकायचं त्यानं नागपुरात जागा पाहावी. चार मुली होत्या, त्यातल्या तिघी टी. सी. घेऊन घरी बसल्या.

चंपतराव लेकीला घेऊन नागपुरात कॉलेजं हिंडले. दुसऱ्या वर्षाला बाहेरची मुलं घेत नाही, असं दोन ठिकाणी फाटकातच सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी आत नेऊन, खुर्ची देऊन तेच सांगितलं. राहिलं एकच, सगळ्यात जुनं, सगळ्यात मोठं, जिथे पहिल्या वर्षालाच भले भले गुणवंत यादीबाहेर राहत. तिथे यंदा दुसऱ्या वर्षात दोन जागा रिकाम्या झाल्या होत्या. त्या दोन जागांना अर्ज आले सतरा. रसायन विभागाचे प्रमुख डॉक्टर देवपुजारी कोणाच्या मार्कांवर विश्वास ठेवत नसत. ते आपल्या प्रयोगशाळेत, आपल्या डोळ्यांसमोर परीक्षा घेणार होते. तारीख बुधवार, १० जुलै.

घरी देवकीबाईंनी, म्हणजे पंचफुलेच्या आईनं, विषय आधीच मिटवून ठेवला होता. मौद्याच्या एका घरून मागणी आली होती. माणसं चांगली होती, घाईतही होती. चुलीपुढून मान न वळवता त्यांनी सांगितलं, "जागा भेटली तं शीक. म्या कधी नाई म्हटलं? नाई भेटली तं शुक्रवारी मौद्यावाल्यायले हो म्हणून सांगतो." यावर चंपतरावांनी मान डोलावली. बायकोला आणि लेकीला दोघींनाही एकदमच हो म्हणायची त्यांची जुनी सवय होती.

बुधवारी दहाच्या आधीच बापलेक कॉलेजात पोचले. चंपतराव बाहेर कडुनिंबाच्या पारावर बसले आणि पंचफुला आत गेली.

प्रयोगशाळेच्या दारात तिचा पाय अडखळला. इतकी मोठी खोली तिनं फक्त सिनेमाच्या थिएटरात पाहिली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत सागवानी टेबलांच्या रांगा, वर्षानुवर्षं हात लागून काळ्याभोर झालेल्या. प्रत्येक टेबलाच्या मधोमध फळ्या, फळ्यांवर बाटल्या, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. उंच खिडक्यांतून येणारा उजेड त्या बाटल्यांतून जाऊन टेबलांवर निळे-पिवळे ठिपके पाडत होता. नळ फिरवला की पाणी येत होतं, दुसरा नळ फिरवला की गॅस. कोपऱ्यात काचेच्या कपाटात तराजू होते, आणि त्या तराजूंजवळ बोलायचं नाही अशी पाटी होती. देवळात बोलू नये असं तिला लहानपणी सांगितलं होतं, पण पाटी लावून सांगितलेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं. ती चप्पल बाहेर काढून आत आली. चंद्रभान नावाचा प्रौढ प्रयोगशाळा सहायक दाराशी होता, त्यानं हसू दाबून सांगितलं, "चप्पल घालून ये वं बाई. आत आम्ल सांडलं राहते."

सतरा जण आपापल्या जागी उभे राहिले. डॉक्टर देवपुजारी आले. उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या कोटाच्या खिशात खडूचा तुकडा. त्यांनी थोडक्यात सांगितलं. प्रत्येकासमोर एका छोट्या बाटलीत सोड्याचं द्रावण होतं. त्यातलं वीस मिलिलिटर घेऊन त्याचं शंभर करायचं, त्यातून पंचवीस-पंचवीस घेऊन आम्लाशी मोजायचं. तीन रीडिंग हवीत, त्यातली दोन तरी जुळलेली. वेळ सव्वा तास. पाणी टेबलाच्या टोकाला मोठ्या काचेच्या घटात आहे.

बाकीच्या सोळा जणांनी पिपेट, म्हणजे द्रावण मोजून उचलायच्या नळ्या, हातात घेतल्या. पंचफुलेनं घटातलं नुसतं पाणी पंचवीस घेतलं, त्यात रंगाचा थेंब टाकला, फ्लास्क ब्युरेटखाली धरला आणि तोटीला हात लावला.

एक थेंब पडला आणि रंग पालटला.

ती दचकलीच. विहिरीच्या पाण्याला नारिंगी व्हायला पंचवीस-तीस थेंब तरी लागत. तिनं मनात म्हटलं, फ्लास्कच्या तळाशी आधीचं आम्ल राहिलं असेल. फ्लास्क तीनदा धुतला, पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा तोटी सोडली. पुन्हा एका थेंबात नारिंगी. आता तिला वाटलं, हे आम्लच भलतं कडक दिसतं. आम्ल कसं तपासायचं? तर ओळखीच्या पाण्यानं. ती टेबलाच्या नळाकडे गेली, नळाचं पाणी पंचवीस घेतलं आणि ते ब्युरेटखाली धरलं.

शेजारच्या टेबलावर ताराचंद नावाचा एक मुलगा होता. नागपूरच्या सदर भागात त्याच्या वडिलांचं चष्म्यांचं दुकान होतं, बोलायला तयार, आणि त्याचं पहिलं रीडिंग तोवर झालंही होतं. तो हळूच म्हणाला, "काय करून राहिली तू? नळाचं पाणी? इथं कार्पोरेशनची परीक्षा नाई चालू." दोघंतिघं हसले. पंचफुलेनं ऐकलं की नाही कोण जाणे. नळाच्या पाण्यानं ०.९ आम्ल खाल्लं होतं. म्हणजे आम्ल ठीक होतं, फ्लास्क ठीक होता, तिचे हात ठीक होते. मग उरलं एकच.

त्या घटातल्या पाण्यात काहीच नव्हतं.

तिनं घटाकडे पाहिलं. डिस्टिल्ड वॉटर हा शब्द तिनं पुस्तकात शंभरदा वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. पण बिंदू म्हणजे ज्याला लांबी नाही, रुंदी नाही, असं भूमितीत म्हणतात, तसंच हेही म्हणण्यापुरतं असेल असं ती धरून चालली होती. ज्यात ना चुना, ना खार, ना माती, ना कोणाच्या धुण्याचा साबण, असं पाणी खरोखर एका घटात भरून ठेवलेलं असतं आणि त्यातलं कोणीही हवं तेवढं घेऊ शकतं, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. तिनं तिसऱ्यांदा ते पाणी घेतलं. या वेळी तपासायला नव्हे, नुसतं पाहायला. थेंब पडला, फ्लास्कच्या पोटात एक नारिंगी वलय उठलं आणि सगळीकडे सारखं पसरलं.

भानावर आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाऊण तास उलटला होता.

मग तिनं घाई केली नाही, कारण घाईनं काम करायला ती शिकलीच नव्हती. सोड्याचं द्रावण मोजून घेतलं, शंभर केलं, हलवलं, पंचवीस घेतलं, अर्ध्या अर्ध्या थेंबानं तोटी सोडली. पहिलं रीडिंग आलं २१.४. दुसऱ्यासाठी पिपेट भरत असताना चंद्रभाननं घंटा वाजवली.

तिच्या कागदावर एवढंच होतं : आजचं पाणी, ०. आजचं पाणी, ०. नळाचं पाणी, ०.९. आजचं पाणी, ०. सोडा, २१.४. खाली नाव, आणि कॉलेजचं नाव.

दुपारी एकेकाला आत बोलावलं. ताराचंद बाहेर आला तो शीळ घालतच. तो पहिल्या जागेवर बसल्यातच जमा होता. पंचफुलेचा नंबर चौदावा. डॉक्टर देवपुजारींनी तिचा कागद आणि गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवली होती. उत्तर बरोबर आहे, असं त्यांनी आधी सांगितलं. पण एक रीडिंग म्हणजे रीडिंगच नव्हे. ते योगायोगानंही येतं. सव्वा तासातला पाऊण तास तिनं पाण्यात घालवला, तो का?

तिनं खाली मान घालून सांगितलं की त्यांच्या इथे तशी पद्धत आहे. पाणी विहिरीचं असतं.

डॉक्टरांनी तिचा कागद बाजूला सारला. मग त्यांनी गुणपत्रिकेवर बोट ठेवलं. ते चिडून बोलले नाहीत, त्यामुळे ते जास्तच लागलं. "तुमच्या कॉलेजात डिस्टिल्ड वॉटर नाही. आणि प्रॅक्टिकलला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. विहिरीच्या पाण्यानं हे प्रयोग होत नाहीत. मग हे मार्क कुठून आले? की तुमच्या सरांनी वाटले?"

आपली जागा गेली हे पंचफुलेनं कागद देतानाच धरलं होतं. ते ती सोसत उभी होती. पण सरांचं नाव निघालं आणि तिची मान वर आली. "होते सर," ती म्हणाली. "विहिरीच्या पाण्यानंही होते. पहिले पाण्याले विचारायचं फक्त."

तिचं नागपुरी ऐकून कोपऱ्यातले दुसरे प्राध्यापक हसले. देवपुजारी हसले नाहीत. त्यांनी खिशातला खडू काढला, टेबलावर उभा केला, आडवा केला. यादी उद्या दुपारी लागायची होती. ते म्हणाले, "उद्या अकराला या. येताना तुमच्या विहिरीचं पाणी घेऊन या."

गावात परतल्यावर बापलेक घरी न जाता सरळ गभणे सरांकडे गेले. सगळं ऐकून सर हसतील की रागावतील याचा पंचफुलेला अंदाज येईना. सर दोन्ही करून मोकळे झाले. मग उठले, कॉलेजचं कुलूप काढलं, आम्लाची एक रिकामी, काचेच्या बुचाची लिटरभराची बाटली शोधली आणि विहिरीच्या पाण्यानं ती सातदा विसळली. चंपतराव म्हणाले, घरी तांब्याची कळशी आहे, नवी, घासलेली, त्यातून नेऊ. सर म्हणाले, तांब्यातून देवाले न्या गा, देवपुजारीले काचेतूनच. दुसऱ्या दिवशी पहाटे सर्वांच्या आधी जाऊन, विहिरीवर कोणाचा पोहरा पडायच्या आत, पंचफुलेनं बाटली भरली.

बसमध्ये ती बाटली चंपतरावांच्या मांडीवर होती. एका हातानं तळ धरलेला, दुसऱ्यानं बूच. लहानपणी पंचफुलेलाही त्यांनी असंच धरून नेलं असेल. कंडक्टरनं विचारलं, काय आहे. चंपतरावांनी सांगितलं, पाणी. कंडक्टर म्हणाला, "नागपुरात पाणी संपलं काय गा?" आणि पुढे गेला. पण समोरच्या बाकावर प्रयागबाई नावाची एक म्हातारी होती, कामठीला लेकीकडे निघालेली. माणूस ज्या रीतीनं ते पाणी धरून बसला होता, ते पाहून तिनं आपलं आपण ठरवलं की ही गंगाच. तिनं पदर सावरून ओंजळ पुढे केली. चंपतरावांनी लेकीकडे पाहिलं. पंचफुलेनं मनात हिशेब केला, किती लागेल, किती उरेल, आणि मान हलवली. चंपतरावांनी बूच काढून ओंजळीत थोडं पाणी घातलं. म्हातारीनं ते घेतलं, डोळ्यांना लावलं, आणि कन्हान नदीच्या पुलावरून बस जाईपर्यंत हात जोडून बसली. खोटं बोलल्यासारखं वाटून बापलेक कामठीपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

अकराला प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. फक्त डॉक्टर देवपुजारी, चंद्रभान, आणि यादी पाहायला लवकर येऊन टपकलेला ताराचंद, त्याला कोणी हाकललं नाही. देवपुजारींनी एका कोऱ्या बाटलीत नवीन द्रावण दिलं. कालचंच काम. वीसचं शंभर करायचं, पण या वेळी विहिरीच्या पाण्यानं. तेच द्रावण त्यांनी स्वतः सकाळी डिस्टिल्ड वॉटरनं मोजून ठेवलं होतं. त्यांचा आकडा एका चिठ्ठीवर होता. चिठ्ठी त्यांनी घडी करून तराजूच्या कपाटावर ठेवली.

पंचफुलेनं पाणी घेतलं. थेंब, थेंब, थेंब. रंग पिवळाच. ही तिची ओळखीची वाट होती. आज पाणी १.२५. दुसऱ्यांदा, १.२५. तिनं माथ्यावर लिहिलं. मग द्रावण केलं. शंभरच्या खुणेपर्यंत पाणी आलं तेव्हा फ्लास्कमध्ये धुक्यासारखी पांढरट झाक उठली. ताराचंद पुढे वाकला. "बिघडलं," तो म्हणाला. तिनं मान हलवून नाही म्हटलं. आपल्या पाण्यात चुना असतो, सोड्याला भेटला की असा दिसतो, हे तिला वर्षभर ठाऊक होतं. तिनं फ्लास्क उलटा-सुलटा करून नीट हलवला, म्हणजे धुकं सगळीकडे सारखं होतं, आणि बसायच्या आत पंचवीस उचललं. आम्ल पडू लागलं तसं धुकं निवळत गेलं. १९.७. पुन्हा, १९.७. तिसऱ्यांदाही १९.७.

तिनं कागदावर वजाबाकी केली आणि उत्तर लिहिलं : १८.७.

देवपुजारींनी कागद हातात घेतला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. पाणी सव्वा आलं होतं ना, मग सव्वा का वजा केलं नाही? एकच का?

या प्रश्नावर पंचफुला आदल्या दिवसापासून पहिल्यांदा हसली. तिला हा प्रश्न ठाऊक होता. कन्हानला पहिल्या महिन्यात सगळीच मुलं इथे फसत, तीसुद्धा फसली होती. "सर, पंचवीसमध्ये आमचं पाणी वीसच आहे," ती म्हणाली. "पाच तं तुमच्या बाटलीतलं आहे. त्याच्यात खार नाई."

देवपुजारींनी कपाटावरची चिठ्ठी उघडली नाही. तिच्यावर काय आहे ते त्यांना माहीत होतं. ताराचंदला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं पुढे होऊन ती उघडली. वाचली. आणि पंचफुलेपुढे धरली. चिठ्ठीवर १८.७ होतं.

मग देवपुजारींनी तिची जर्नल, म्हणजे प्रयोगांची वही, मागितली; ती तिनं बरोबर आणलीच होती. पहिलं पान, दुसरं, दहावं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर आजचं पाणी. ते पानं उलटत गेले, आणि पुढे पुढे प्रयोगाकडे न पाहता फक्त माथ्यावरचा आकडा वाचत गेले. भाद्रपद, १.१. वैशाख, १.६. एका ठिकाणी थांबून त्यांनी विचारलं, इथे २.१ कसं? तिनं कपडे धुणारीचं सांगितलं. त्यांनी वही मिटली, पण लगेच परत दिली नाही. चंद्रभाननं नंतर लोकांना सांगितलं की वीस वर्षांत साहेबांनी दुसऱ्याची वही दोन्ही हातांनी धरलेली त्यानं पाहिली नव्हती.

ते म्हणाले, "काल तीनदा शून्य लिहिलंत. पहिल्यानं तपासलंत, दुसऱ्यानं खात्री केलीत. तिसऱ्यांदा कशाला?"

खोटं काय सांगायचं, असं तिला वाटलं. "पाहाले," ती म्हणाली. "असं पाणी खरंच राहते, मले माहीत नव्हतं."

देवपुजारी तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे तांब्याचा मोठा हंडा गॅसवर होता. त्यातून निघालेली वाफ एका नळीतून लांब काचेच्या सर्पिलात जात होती, सर्पिलाभोवती गार पाणी फिरत होतं, आणि खालच्या टोकाशी थेंब तयार होत होता. तो फुगायचा, थरथरायचा, त्यात खिडकी उलटी दिसायची, आणि मग तो घटात पडायचा. त्याच्यामागे दुसरा. हंड्यात ओतलं होतं ते नळाचंच पाणी, कालचं ०.९ चं. पंचफुला त्या थेंबाखाली किती वेळ उभी राहिली ते तिलाही कळलं नाही. आपण वर्षभर जे वजाबाकीनं करत होतो, ते हे यंत्र आगीनं करतं, असं तिच्या मनात आलं. देवपुजारींनी घाई केली नाही. ते पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा इथे आले होते तेव्हा तेही असेच उभे होते, असं त्यांनी बोलता बोलता सांगितलं. नंतर रोज पाहून ते दिसेनासं झालं.

मग ते बाहेर आले आणि त्यांनी तिच्याकडून टी. सी. मागून घेतली.

यादीत पहिलं नाव ताराचंदचं, दुसरं तिचं. खाली सही झाल्यावर पंचफुलेनं एक मागणं मागितलं. बाटलीतलं उरलेलं पाणी तिनं ओतून टाकलं होतं. तीत थोडं डिस्टिल्ड वॉटर मिळेल का? गभणे सरांकरता.

देवपुजारींनी चंद्रभानला बाटली डिस्टिल्ड वॉटरनं सातदा विसळून मगच भरायला सांगितलं. सातदा, हा आकडा त्यांनी आपणहून सांगितला होता.

पंचफुला पुढे तिथूनच बी. एस्सी. झाली. १९७३ मध्ये ती खापरखेड्याला वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत लागली, बॉयलरचं पाणी तपासायला. लग्नही झालं, मौद्याला नव्हे. पण त्या दिवसाचं सांगायचं तर संध्याकाळचं सांगावं लागतं.

परतीच्या बसमध्ये बाटली पुन्हा चंपतरावांच्या मांडीवर होती, पण या वेळी त्यांनी तीतला थेंबही कोणाच्या ओंजळीत घातला नसता. कॉलेजात सर वाट पाहत होते. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि फ्लास्क पंचफुलेच्या हातात दिला. तिनं पंचवीस घेतलं, रंग टाकला. चंपतराव ब्युरेटजवळ हात मागे बांधून उभे राहिले. लेक वर्षभर काय शिकते ते त्यांनी तोवर एकदाही पाहिलं नव्हतं.

एक थेंब पडला. नारिंगी.

"झालं?" चंपतरावांनी विचारलं.

"झालं," सर म्हणाले. "त्याच्यात काहीच नाई."

चंपतरावांनी थोडा विचार केला. बाटलीतलं थोडं पाणी त्यांनी तळहातावर घेतलं, वास घेतला, तोंडात टाकलं, या गालातून त्या गालात फिरवलं आणि गिळलं. विहिरीचं पाणी पिऊन मोठा झालेला माणूस तो.

"याले तं चवच नाई," ते म्हणाले. मग लेकीकडे पाहून म्हणाले, "एवढ्या मोठ्या कॉलेजात जाऊन राहिली, तं डबा आणि पाणी घरूनच नेत जा वं."

सर हसले आणि त्यांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं. पंचफुलेनं वही काढली. माथ्यावर तारीख घातली, ११ जुलै १९६८, आणि खाली दोन ओळी लिहिल्या. नागपूरचं पाणी, ०. आपलं पाणी, १.२५.